प्रतियोगी

"अतिव्याप्ती!"

ह्यांनी डाव्या हाताने ताट पुढे सारलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. वरण हवं असेल म्हणून मी वाटी उचलली, तर मान हलवली. तूप? लिंबू? मीठ पुढे केलं तेव्हा डोळे मिटून पुन्हा म्हणाले, "अतिव्याप्ती," आणि समोर बसलेली तेजस्विनी खुदकन हसली.

"काकू, भात जास्त झालाय," ती म्हणाली. "व्याख्या गरजेपेक्षा जास्त पसरली की तिला अतिव्याप्तीचा दोष लागतो. सर म्हणून राहिलेत की भात पसरला."

हे हसले. अर्धेच हसले, कारण तोंडाची उजवी बाजू अजून साथ देत नव्हती. पण जेवढे हसले तेवढे तिच्याकडे पाहून. मी भात काढून घेतला. भात माझ्या हातचा, नवरा माझा, आणि त्याला तो जास्त झाला हे मला सांगणार कोण, तर ही! माझ्या अंगाची नुसती आग झाली, तरी मी तिला विचारलं, "ताक घेणार ना गं?"

आमचे हे, म्हणजे प्राध्यापक मधुकर चांदोरकर, कॉलेजात दर्शनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मी रजनी. सरकारी कन्या शाळेत हिंदी शिकवली. इथे हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या बसस्टँडमागे कॉलनीत आमचं घर. सकाळी डोळे उघडायच्या आधी "इंदौर, इंदौर, इंदौर" कानात शिरतं. मुलगा पराग बंगळुरूला. ह्यांचा विषय कॉलेजात, माझा शाळेत, आणि घरी दूध, गॅस नि परागचा अभ्यास, असा आमचा संसार झाला. वाईट झाला असं मी मुळीच म्हणणार नाही.

शिवरात्रीच्या सुमारास ह्यांना लकव्याचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, हात थोडाफार, पण बोलणं गेलं. फ्रीगंजहून स्पीच थेरपिस्ट मुलगी यायला लागली. चित्रांचे पत्ते दाखवायची.

"अंकल, ये क्या है?" पेला.

"घट," हे म्हणाले.

लोटा. "घट." किटली. "घट." टॉवेल दाखवला तेव्हा म्हणाले, "पट." सदरा दाखवला, तरी "पट."

"आंटी, मराठी में पट कुछ होता है क्या?" तिने मला विचारलं.

"सोंगट्यांचा होता है," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

डॉक्टर म्हणाले, फार घोटलेलं असतं ते कधीकधी मागे उरतं. वर्गात जन्मभर जे घोटलं ते उरलं, बाकीचं पुसलं गेलं. मग 'रजनी' घोटलेलं नव्हतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं नाही. परागला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "आई, तू पण ना!" ह्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. "अगं" सुद्धा गेलं होतं. मला एकच हवं होतं. ह्यांनी माझ्याशी एक शब्द तरी असा बोलावा की तो माझा मला कळेल. मधे कोणी नको.

आणि नेमकी मधे आली तेजस्विनी. ह्यांच्या हाताखाली तिने पीएच.डी. केली, आता देवासच्या कॉलेजात शिकवते. सरांना बरं नाही हे कळल्यावर पेढे घेऊन मिळायला आली. हे तिच्या हातातल्या डब्याकडे बघून "घट" म्हणाले आणि ती टाळी वाजवून ओरडली, "सर, घट! काकू, सर एकदम ठीक आहेत!"

मग तिने मला समजावलं. न्यायशास्त्रात उदाहरण द्यायचं झालं तर घडा, नाहीतर कापड. हजारो वर्षं पंडितांनी तिसऱ्या वस्तूला म्हणून हात लावला नाही. त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की ती दिवसाआड येऊ लागली, आणि ती यायच्या दिवशी ह्यांचे डोळे दुपारपासूनच दाराकडे लागायला लागले.

ती पीएच.डी. करत असतानाही अशीच यायची. सात वर्षं. दोघं आतल्या खोलीत बसायचे, मी चहा नेऊन द्यायची, आणि स्वयंपाकघरात येईपर्यंत मागून हसणं ऐकू यायचं. माझ्यापाशी हे हसत नसत असं नाही, पण ते हसणं निराळं होतं. आता कोणाला वाटेल, बाईला संशय होता. संशय नव्हता. संशय असता तर बरं, भांडता तरी आलं असतं. हा निव्वळ मत्सर होता, आणि मत्सराचं भांडण कोणत्या तोंडाने काढायचं? ती मुलगी सरळ होती. येताना मला मोगऱ्याचे गजरे आणायची. मी ते देवाला वाहायची, केसात कधी माळले नाहीत.

मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही. एकदा हे सकाळपासून "पदार्थ, पदार्थ" करत होते. हा शब्द मला येत होता. मी खुशीत येऊन साबुदाणे भिजवले, वडे तळले, दही लावलं. ह्यांनी वड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी तेजस्विनी आली. तीन वडे खाऊन म्हणाली, "काकू, पदार्थ मतलब पदाचा अर्थ. जगात जे जे काही आहे ते सगळं. मला लागतं, सरांना जुनी पुस्तकं पाहायची असतील."

तिने कपाटातून दोन जाडजूड पुस्तकं काढून मांडीवर ठेवली, तर खरंच हे शांत झाले.

"मराठीत पदार्थ ताटात असतो," मी म्हटलं.

"पण शास्त्रात—"

"शास्त्रात असेल. शब्दाचा अर्थ बोलणारी माणसं ठरवतात, तुझे पंडित नाहीत. भाषा मी पण शिकवलीय बाई."

"पण काकू, सर आता शास्त्रातलंच बोलून राहिलेत ना," ती हळूच म्हणाली. ती बरोबर बोलत होती, आणि ती बरोबर बोलते ह्याचाच मला राग होता.

मग मी ह्यांच्याच कपाटातलं न्यायशास्त्रावरच्या हिंदी टीकेचं, म्हणजे अर्थ उलगडणारं, एक पुस्तक घेतलं आणि दुपारी हे झोपले की चोरून वाचायला लागले. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अशी ज्ञानाची चार साधनं पाठ करून टाकली. एक दिवस गोळ्या देताना म्हटलं, "अनुमान करा बघू, आज भाजी कोणती?" ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. गाईड पाठ करून आलेल्या मुलीकडे मास्तर पाहतो, तसं. मी स्वतः कितीतरी मुलींकडे तसं पाहिलंय, म्हणून तर लगेच ओळखलं. पुस्तक परत कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतरच्या दिवशी तेजस्विनी आली तेव्हा मी पर्स खांद्याला लावूनच उभी होते.

"आज तूच बघ तुझ्या सरांना. मी भैरवगडला जातेय, चादरी आणायच्यात."

"आत्ता? रस्ते सगळे खोदून ठेवलेत काकू, सिंहस्थाचं काम चालू आहे."

"असू देत," मी म्हटलं आणि ई-रिक्षात बसले. झटका आल्यापासून मी तासाभरावर घर सोडलं नव्हतं. हे मला जाताना बघत होते. मी मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही. राहा म्हटलं आता दोघं, करा काय घट-पट करायचं ते.

चादरी नको होत्या. घरात कपाटभर आहेत. तरी तिथल्या चादरींच्या छापखान्यात बसून राहिले. तिथला माणूस कापडावर ठप्पा ठेवायचा, वरून मूठ मारायचा, ठप्पा उचलून पुढे ठेवायचा. "दीदी, ये वाला दिखाऊँ? पक्का रंग है," असं म्हणत त्याने सगळं दुकान माझ्यापुढे पसरलं. मी मोबाइल पर्समध्येच ठेवला. तो वाजला तरी काढला नाही. काळजी वाटत होती का? वाटत होती. पण काळजीपेक्षा, माझ्यावाचून काही अडतंय का हे बघायची हौस मोठी होती.

दिवेलागणीला परतले तेव्हा हे दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. केस विस्कटलेले, सदऱ्यावर चहा सांडलेला. तेजस्विनी शेजारी उभी, तोंड सुकलेलं. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि ह्यांनी डावा हात उचलून थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"प्रतियोगी!"

इतका स्पष्ट शब्द ह्यांच्या तोंडून झटक्यानंतर मी ऐकला नव्हता. मग स्वतःच्या छातीवर थाप मारून 'अनु' का कायसं म्हणाले, ते नीट उमटलं नाही. पुन्हा माझ्याकडे बोट. "प्रतियोगी."

हा शब्द मला कोणी समजावून सांगायला नको होता. वर्षानुवर्षं शाळेच्या स्टेजवर माईक धरून मी म्हणत आले होते, "सभी प्रतियोगी मंच पर आ जाएँ." वाद-विवाद प्रतियोगिता, निबंध प्रतियोगिता, रंगोली प्रतियोगिता. प्रतियोगी म्हणजे स्पर्धेत उतरलेला. समोर उभा ठाकलेला. म्हणजे ह्यांना सगळं कळलं होतं तर. मी ह्या मुलीशी चढाओढ करते, पाठांतर करते, रुसून निघून जाते, सगळं. आणि मी घरात नसताना दोघांनी बसून माझं नाव ठेवलं होतं. एवढे दिवस ह्यांचं अंग पुसलं, घास भरवले, आणि एक शब्द मिळाला तो हा!

मी तेजस्विनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती, त्यामुळे माझी उरलीसुरली खात्री पटली. तिला व्हरांड्यात नेऊन मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

"काकू, सर जे म्हणाले ना, तो शब्द—"

"मला हिंदी शिकवू नकोस."

"हिंदी नाही काकू—"

"ये आता. अंधार पडेल, देवासची बस चुकेल."

ती काहीतरी बोलेल असं वाटलं, पण चपला घालून निघून गेली. मी दार लावून घेतलं आणि चादरींचं पुडकं सोफ्यावर आपटलं. हे माझ्याकडे बघून हसत होते. अर्धं तोंड भरून हसत होते. त्या हसण्याने मला जास्तच झोंबलं.

पुढचे दिवस घर शांत होतं, म्हणजे मला हवं होतं तसं. दुभाष्या नाही, हसणं नाही. पण ह्यांना शब्द सापडला होता आणि हे तो सोडेनात. मी भाजी घेऊन आले की "प्रतियोगी." आंघोळ करून आले की "प्रतियोगी."

"हो, आहे मी प्रतियोगी," एकदा मी फडक्याने टेबल पुसता पुसता म्हटलं. "आणि जिंकलेली आहे. समजलं? ती गेली." ह्यांना काही समजलं नाही. हात तसाच उचललेला राहिला.

दुसरा एक शब्द होता. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून हाक मारल्यासारखे म्हणायचे, "अभाव. अभाव." मी धावत यायची. कशाचा अभाव? आमच्या घरात कशाची कमी आहे? पाणी दिलं, पांघरूण दिलं, चष्मा दिला, रेडिओ लावून दिला. परागला व्हिडिओ कॉल लावून दिला. मी आले की अभाव थांबायचा आणि बोट उठायचं. "प्रतियोगी." हाक मारून बोलवायचं आणि वर तोंडावर हिणवायचं, हा कुठला न्याय? एकदा मी रडलेही. हेही रडले. डोळे दोन्ही बाजूंनी सारखेच वाहत होते.

गुरुवारी थेरपिस्ट मुलगी आली. आज घरातल्या माणसांची नावं, म्हणाली. मला ह्यांच्या समोर बसवलं.

"अंकल, ये कौन हैं? नाम बताइए."

ह्यांनी मला नीट निरखून पाहिलं. ओठ हलले. घसा साफ केला. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसले होते. म्हणाले, "प्रतियोगी."

"अरे वाह अंकल!" ती मुलगी खळखळून हसली. "घर में ही कॉम्पिटिशन!"

मला वाटलं होतं हे हसतील. हे हसले नाहीत. ह्यांचा चेहरा लाल झाला आणि ह्यांनी डाव्या हाताने पत्ते टेबलावरून उधळून दिले. "न... न..." एवढंच बाहेर पडत होतं. मग हे दाराकडे पाहायला लागले. दाराकडे, माझ्याकडे, परत दाराकडे. कोणाची वाट पाहत होते ते मला कळलं. बोललेलं समजेल असं एकच माणूस ह्यांच्या ओळखीचं होतं, आणि त्याला मी घालवून दिलं होतं.

मुलगी गेल्यावर मी पत्ते गोळा केले. ह्यांना पाणी पाजलं, निजवलं. मग व्हरांड्यात जाऊन फोन लावला. तो लावताना मला जे वाटलं ते माझ्या वैऱ्यालाही वाटू नये.

"तेजस्विनी, मी बोलतेय, काकू. एक विचारायचं होतं." जणू कालच आम्ही बोललो असू, असा आवाज काढला. "प्रतियोगी म्हणजे काय गं? तुमच्यात?"

तिच्या मागे घंटा वाजत होती, पोरींचा गलका चालला होता.

"काकू, न्यायात तो स्पर्धेचा शब्द नाहीये. अभावाबरोबर येतो तो. अभाव मतलब कमी नाही, नसणं. आणि नुसतं नसणं असं काही नसतं ना? कशाचं तरी असतं आणि कुठेतरी असतं. समजा टेबलावर चष्मा नाही. तर जो नाही तो, चष्मा, प्रतियोगी. जिथे नाही ते टेबल, अनुयोगी."

"बरं," मी म्हटलं.

"त्या दिवशी तुम्ही गेलात आणि सरांनी खुर्ची दाराशी ओढायला लावली. तुम्ही येईपर्यंत एकच. अभाव, अभाव. मी विचारलं पाणी का, पुस्तक का, सगळं विचारून झालं. शेवटी वर्गात विचारतात तसं विचारलं, सर, प्रतियोगी कोण? त्यांना सांगता येईना. चहा सांडला, माझ्यावर चिडले. मग तुम्ही दारात आलात. ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, काकू."

"आणि छातीवर हात मारला तो?"

"अनुयोगी म्हणाले. तुमचं नसणं त्यांच्या ठिकाणी आहे, असं."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. समोरून इंदूरची बस वळत होती, तिची धूळ घरात येत होती, ती येऊ दिली.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? मला पण सांगावंसं वाटलं नाही. सात वर्षं मी सरांकडे अभावावर काम केलं, काकू. शंभर वेळा त्यांच्या तोंडून ऐकलाय हा शब्द. घड्याचा ऐकला, कापडाचा ऐकला. असा नव्हता ऐकला."

तिलाही जळायला होत होतं, माझ्यावर! मला बरं वाटलं. अगदी खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण ते जेमतेम फोन ठेवेपर्यंत टिकलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली. ह्या माणसाने मला 'तुझ्यावाचून करमत नाही' एवढंही कधी म्हटलं नाही, आणि जेव्हा म्हटलं तेव्हा ते मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं. हा सल जायचा नाही. ती उद्या गजरा घेऊन आली तरी जायचा नाही.

"उद्यापासून येत जा," फोन ठेवायच्या आधी मी तिला म्हटलं. "सरांना चुकल्यासारखं होतं."

"येते काकू," ती म्हणाली.

मी आत आले. हे जागे झाले होते. माझी चाहूल लागली तशी मान इकडे वळायला लागली. मी चटकन पावलं मागे घेतली आणि बैठकीच्या पडद्याआड सरकले. ह्या वयात असले चाळे शोभत नाहीत, हे मला कळत होतं. स्वयंपाकघरात कणीक तिंबून ठेवलेली होती, ह्यांच्या गोळ्यांची वेळ होऊन गेली होती.

"अभाव," हे म्हणाले.

पलंग करकरला. हे उशीवर उठून बसायला बघत होते.

"अभाव."

आत जायचंच होतं. पण आणखी एकदा म्हणू दे, असं मनाशी म्हणत मी तशीच उभी राहिले.